अंगावर दूध आलं होतं का?

"बीपी छान आहे, 108/70," सिस्टर म्हणाल्या. मला बाळंत होऊन अर्धा तास झाला होता, आणि टेबलाच्या पायथ्याशी ठेवलेल्या बादलीत रक्त पडल्याचा आवाज मला आडवं पडल्या पडल्या ऐकू येत होता.

2011 चा डिसेंबर. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, माझं माहेर. मुलगी रात्री पावणेदहाला झाली, 3 किलो 100 ग्रॅमची, रडकी आणि गुलाबी. वार पडली, डॉक्टरांनी ती उलटीपालटी करून पाहिली, पूर्ण होती. अडलं ते त्यानंतर. वार सुटली की गर्भपिशवी आवळून नारळासारखी टणक व्हायला हवी. तिच्या स्नायूंमधून गेलेल्या रक्तवाहिन्या तेव्हाच चिमटल्या जातात आणि रक्त थांबतं. दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला 500 ते 700 मिलिलिटर रक्त वाहत असतं, त्यामुळे ती सैल राहिली तर माणूस संपायला फार वेळ लागत नाही. माझी सैल राहिली. सिस्टर पोटावर मूठ रोवून चोळत होत्या, हात थांबला की पिशवी पुन्हा मऊ पडत होती.

त्या रात्रीचा केसपेपर पुढे माझ्या हातात आला. 108/70 च्या शेजारीच नाडी लिहिलेली आहे: 124. नाडीला वरच्या बीपीने भागायचं, बाळंतिणीत उत्तर 0.9 च्या वर गेलं की सावध व्हायचं, हे मला नंतर कळलं. माझं उत्तर 1.15 येतं. तिथल्या माणसांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्या सिस्टरनी पोट चोळता चोळता स्वतःचे हात बधिर करून घेतले होते. पण बीपीच्या आकड्यावर विसंबून जी वीस-पंचवीस मिनिटं गेली, ती मला अजून सलतात. कारण तो आकडा खोटा नव्हता, पण त्याचा अर्थ वेगळा होता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. संप्रेरकांचा धडा तोवर मी सहा वर्षं शिकवला होता. तरी तो आकडा आतून कोण धरून ठेवतंय, हे मला टेबलावर सुचलं नाही. पुढे कळलं ते आमच्या गावच्या भाषेत सांगते. आमच्याकडे उन्हाळ्यात टाकीत पाणी कमी असलं की पाणी सोडणारा एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करत जातो. मग ज्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडा आहे तिथे नळाला जोर चांगला येतो. त्या गल्लीतल्या बाईला वाटतं, टाकी भरलेली आहे.

शरीरही तेच करतं. मानेतल्या मोठ्या धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, दाब जोखणारे मज्जातंतू असतात. दाब जरा उतरला की ते मेंदूच्या देठाला कळवतात, आणि काही सेकंदांत सगळीकडे नॉरॲड्रेनालिन सुटतं. मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रेनालिन थेट रक्तात येतं. हृदय जोरात आणि भराभर आवळायला लागतं. त्वचेच्या, आतड्यांच्या, मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या आकसतात. शिराही आकसतात, म्हणजे त्यांच्यात साठून राहिलेलं रक्त हृदयाकडे ढकललं जातं. मेंदू आणि हृदय या दोन गल्ल्यांचे व्हॉल्व्ह तेवढे उघडे राहतात. त्यात गरोदरपणात बाईचं रक्तच 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेलं असतं. म्हणून लिटर-दीड लिटर रक्त गेलेली बाळंतीण तुमच्याशी बोलते, बाळ कसं आहे विचारते, आणि तिचं बीपी छान येतं.

बाहेरून छान, आतून काय होत होतं ते सांगते. आधी हात गार पडले. थंडीने पडतात तसे नाहीत. घामाने थबथबलेले आणि गार. मग जीव घाबरायला लागला. मला भीती कसलीच वाटत नव्हती, मुलगी रडत होती, आई दाराशी होती, आणि तरीही छातीत धडधडून उठून पळावंसं वाटत होतं. "हलू नका हो," म्हणून सिस्टर दोनदा ओरडल्या. आणि तहान. ती तहान मी जन्मात विसरणार नाही. जीभ टाळूला चिकटली होती. "पाणी, पाणी" एवढंच मी म्हणत होते, आणि पाणी द्यायला परवानगी नव्हती. शेवटी मावशींनी गॉज ओलं करून ओठांवर ठेवलं, मी ते चोखायला लागले तर त्यांनी पटकन काढून घेतलं.

ती तहानही संप्रेरकाची. मूत्रपिंडांना रक्त कमी पडलं की ती रेनिन सोडतात. यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनाचा रेनिन तुकडा पाडतं, तो तुकडा मुख्यतः फुप्फुसांतून जाताना आणखी छाटला जातो आणि त्याचं अँजिओटेन्सिन-2 होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, मेंदूत तहान जागवतं आणि ॲड्रेनलच्या बाहेरच्या थराकडून अल्डोस्टेरॉन काढून घेतं. अल्डोस्टेरॉन लघवीतून जाणारं मीठ अडवतं. तिकडे मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन येतं. ते लघवीतून जाणारं पाणी अडवतं आणि भरपूर सुटलं तर रक्तवाहिन्याही घट्ट आवळतं. माझ्या लघवीच्या पिशवीत त्या रात्री दोन तास थेंब नव्हता.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माझी गर्भपिशवी आवळावी म्हणून सलाईनमधून जे ऑक्सिटोसिन चाललं होतं, ते याच ग्रंथीच्या याच मागच्या भागातून येणारं संप्रेरक. व्हॅसोप्रेसिन आणि हे, दोन्ही नऊ-नऊ अमिनो आम्लांची साखळी, आणि फरक फक्त दोन आम्लांचा. एक रक्तवाहिन्या आवळतं. दुसरं गर्भपिशवी आवळतं, पण शिरेतून एकदम ढकललं तर रक्तवाहिन्या सैल करून बीपी पाडतं. म्हणून ते हळूहळू द्यायचं असतं. व्हिन्सेंट द्यू विन्यो या शास्त्रज्ञाने 1953 साली ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केलं आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. जगात किती बाळंतिणी त्याच्या जोरावर घरी परतल्या असतील! वर्गात हे सांगताना माझा आवाज आजही भरून येतो.

साडेदहाच्या सुमारास बीपी 70 वर आलं आणि मग मशीनवर आकडाच येईना. व्हॉल्व्ह कितीही बंद केले तरी शेवटी टाकी कोरडी पडतेच, तसं. शॉक, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होणं, लांबला की व्हॅसोप्रेसिनचा साठाही संपत जातो आणि आम्ल साचलेल्या रक्तवाहिन्या ॲड्रेनालिनला दाद देईनाशा होतात. 2019 साली अमेरिकेत एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. जखमांतून रक्त गेलेल्या 100 रुग्णांपैकी काहींना व्हॅसोप्रेसिन थोड्या मात्रेत दिलं, तेव्हा त्यांना कमी रक्त चढवावं लागलं. मला तेव्हा मिळालं ते एवढंच: दोन्ही हातांना सलाईन, मांडीत एक इंजेक्शन, गुदद्वारातून गोळ्या, आणि मिरजेचा रस्ता. 60 किलोमीटर. गाडीत हे माझ्या डोक्याशी बसले होते. डोळ्यांपुढे अंधार यायचा आणि मग लांबून कुणी हाक मारल्यासारखा यांचा आवाज यायचा, "ए, माझ्याकडे बघ." आईने माझ्या हातातल्या बांगड्या सुया लावायला अडतात म्हणून काढल्या होत्या आणि त्या पदरात घट्ट बांधून ती रस्ताभर मुठीत धरून बसली होती.

मिरजेत गर्भपिशवीत फुगा सोडला. रबरी नळीला कंडोम बांधायचा, आत सरकवायचा आणि त्यात सलाईन भरायचं, की आतून दाब बसून रक्त थांबतं. बांगलादेशातल्या डॉ. सायेबा अख्तर यांची ही युक्ती. शंभर रुपयेसुद्धा न लागणाऱ्या वस्तूने माझी गर्भपिशवी वाचवली, मीही वाचले. रक्ताच्या पाच पिशव्या आणि प्लाझ्माच्या चार लागल्या. यांच्या शाळेतले शिक्षक रात्री दोन वाजता रक्तपेढीत रांगेत उभे होते. पहाटे सिस्टरनी लघवीची पिशवी उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "आली बघा!" पिवळीधमक, बोटभर. आईने त्या पिशवीला हात जोडले.

सगळ्यांना वाटलं, संपलं. मलाही.

गरोदरपणात पिट्युटरीचा पुढचा भाग चांगलाच फुगतो, कारण दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनच्या पेशी तिथे वाढत असतात. ग्रंथी वाढते, पण तिला येणारं रक्त वाढीव गरजेला जेमतेम पुरतं. शिवाय पुढच्या भागाचं रक्त थेट धमनीतून येत नाही. ते मेंदूतल्या बारीक केशवाहिन्यांमधून गाळून, कमी दाबाने येतं. बाळंतपणात खूप रक्त गेलं, दाब पडला, रक्तवाहिन्या आवळल्या, की सगळ्यात आधी हीच जागा सुकते. मागच्या भागाला स्वतंत्र धमनी असल्यामुळे तो बहुधा वाचतो. ग्लासगोतल्या हॅरॉल्ड शीहान या विकृतिशास्त्रज्ञाने बाळंतपणानंतर दगावलेल्या बायकांच्या ग्रंथी तपासून 1937 साली हे नीट मांडलं. ज्या आवळण्याने मेंदू आणि हृदय जगवलं, त्यानेच त्या रात्री माझ्या या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा पुढचा भाग मारला. कुठे दुखलं नाही, काही कळलं नाही.

कळण्याची एकच खूण होती आणि ती घरातल्या प्रत्येक बाईने पाहिली. मला दूध आलं नाही. कमी आलं असं नाही, आलंच नाही. छाती कधी जड झाली नाही, कधी ठणकली नाही. आईने अळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू केले, खारीक-खोबरं, शतावरी, बाजरीची भाकरी, सगळं झालं. सासूबाई आल्या, त्यांनी लसणाची चटणी आणि मेथी सुरू केली. लेक छातीशी लावली की ती दोन मिनिटं ओढायची आणि मग लालबुंद होऊन रडायची. "ताकदच गेलीय पोरीची, रक्त एवढं गेलंय," असं सगळ्या म्हणायच्या. कुणी कुजबुजायचं की शिकलेल्या बायका, पाजायची हौसच नसते. त्या कुजबुजीने मी किती रात्री रडले, ते इथे लिहून काही उपयोग नाही. दहाव्या दिवशी टाके बघायला गेले तेव्हा डॉक्टरांना सांगितलं. "येईल, धीर धरा, तोवर डब्याचं सुरू करा," म्हणाले. तो प्रश्न तिथेच संपला.

पुढची सात वर्षं मी भराभर सांगते, कारण ती एकसारखीच गेली. पाळी परत आली नाही. काखेतले केस गळाले, भुवया विरळ झाल्या. एप्रिलमध्ये वर्गात सगळे घामाने निथळत असताना मी स्वेटर घालून शिकवत होते. सकाळी उठून बसलं की डोळ्यांपुढे काजवे. फळ्यावर एक आकृती काढून झाली की खुर्चीत बसावं लागे. बीपी कायम 90/60. "लो बीपी आहे, मीठ-लिंबाचं सरबत घेत जा." थायरॉइड दोनदा तपासला, दोन्ही वेळा टीएसएच नॉर्मल. आता यातली खोच कळते. टीएसएच हा थायरॉइडला कामाला लावणारा निरोप, तो सोडते पिट्युटरी. थायरॉइड आपणहून आजारी पडला तर पिट्युटरी ओरडते आणि टीएसएच वाढतो. पण ओरडणारीच गेली असेल तर आकडा साळसूदपणे नॉर्मल दिसतो. सोबत फ्री टी-4, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक थायरॉक्सिन, पाहिला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. मी कामचुकार झाले आहे असं मलाच वाटायला लागलं होतं. हे मात्र एकदाही तसं बोलले नाहीत. मी झोपलेली दिसले की दार ओढून घेऊन लेकीला बाहेर खेळवायचे.

जुलै 2018. घरात चौघांनाही जुलाब-उलट्या झाल्या. तिघं दोन दिवसांत उठून कामाला लागले. मी तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडले.

पुन्हा मिरज, पुन्हा शॉक. बीपी 70/40. या वेळी रक्त गेलं नव्हतं, पाणी गेलं होतं, तेही घरातल्या इतरांपेक्षा जास्त नाही. तीन लिटर सलाईन गेलं, बीपी 74. नॉरॲड्रेनालिनचा पंप लावला, मात्रा वाढवत नेली, बीपी 76. साखर 52. सोडियम 118, जिथे 135 च्या वर असायला हवं. आणि नाडी फक्त 84. सात वर्षांपूर्वी अंगातलं रक्त वाहून जात होतं तेव्हा माझं हृदय 124, 140 असं धावत होतं. आता बीपी तेवढंच खाली आणि हृदय जणू त्याला निरोपच मिळाला नाही असं चाललेलं. मलाही आत काही वाटत नव्हतं. धडधड नाही, जीव घाबरणं नाही, फक्त खोल खोल जात होते. ही शांतता जास्त वाईट. त्या पहिल्या रात्री शरीर माझ्यासाठी भांडत होतं. या वेळी कुणी भांडत नव्हतं.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होत्या. ईसीजीचे चिकटपट्टे लावायला त्यांनी माझा डावा हात वर केला आणि हात तसाच धरून थांबल्या. काख पूर्ण कोरी होती, लहान मुलीसारखी. त्यांनी दुसरा हात वर केला. मग भुवयांवरून अंगठा फिरवला. बाहेर जाऊन आईला विचारलं, "यांना बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?"

"नऊ पिशव्या लावल्या होत्या, बाई," आई म्हणाली.

"आणि अंगावर दूध आलं होतं का?"

"थेंबसुद्धा नाही."

सात वर्षांत हे दोन प्रश्न एका माणसाने एकामागोमाग एक पहिल्यांदा विचारले होते. त्यांनी कॉर्टिसॉलसाठी, म्हणजे पिट्युटरीच्या हुकमाने ॲड्रेनल सोडते त्या संप्रेरकासाठी, रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न पाहता 100 मिलीग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषध म्हणून मिळणारं तेच संप्रेरक, शिरेतून दिलं. तासाभरात बीपी 88 झालं. पहाटे 104. सकाळी नॉरॲड्रेनालिनचा पंप काढला. रिपोर्ट आला तेव्हा कॉर्टिसॉल 1.1 होतं, सकाळच्या वेळी 3 च्या खाली असलं तर दुसऱ्या तपासणीची गरजच उरत नाही.

मी शुद्धीवर आल्यावर त्यांनी खुर्ची ओढून मला समजावलं, आणि शिक्षिका आहे म्हटल्यावर कागदावर आकृती काढून समजावलं. तो कागद मी जपून ठेवला आहे. कॉर्टिसॉल स्वतः रक्तवाहिनी आवळत नाही. पण ते नसेल तर रक्तवाहिनीच्या भिंतीला ॲड्रेनालिन-नॉरॲड्रेनालिनची हाक ऐकू येत नाही. ती संप्रेरकं पेशींवरच्या ज्या ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरांवर, जाऊन बसतात ते ग्राहक आणि त्यांच्यामागची यंत्रणा कॉर्टिसॉल जागी ठेवतं. हृदयाच्या स्नायूंचंही तेच. म्हणून बाहेरून कितीही नॉरॲड्रेनालिन घातलं तरी आकडा हलत नव्हता. हृदयाची गती आणि जोर ठरवण्यात थायरॉइडचा हात असतो, आणि माझा थायरॉइड सात वर्षं निरोपाविना बसून होता. म्हणून नाडी 84, आणि सोनोग्राफीत हृदयाभोवती थोडं पाणीही दिसलं. ते पाणी औषधं सुरू झाल्यावर सहा महिन्यांत गेलं.

मी विचारलं, मग सात वर्षं जगले कशी? त्या म्हणाल्या, अल्डोस्टेरॉनमुळे. त्याला हुकूम मुख्यतः मूत्रपिंडाचं रेनिन देतं, पिट्युटरी नाही. म्हणून मीठ अडवण्याचं काम चालू होतं आणि पोटॅशियम नॉर्मल होतं. सोडियम पडलं ते दुसऱ्या कारणाने. पिट्युटरीचा मागचा भाग शाबूत होता, आणि व्हॅसोप्रेसिनला लगाम घालणारं कॉर्टिसॉल नव्हतं. शरीर पाणी साठवत गेलं, मीठ पातळ होत गेलं. हायड्रोकॉर्टिसोन दिलं की तो लगाम एकदम बसतो, भराभर लघवी होते आणि सोडियम झपाट्याने वर चढतं. झपाट्याने चढलं तर मेंदूला इजा होते. म्हणून पुढचे दोन दिवस दर चार तासांनी रक्त काढून, 24 तासांत 8 च्या वर चढणार नाही असं सांभाळलं. एमआरआयमध्ये ग्रंथीची हाडातली खोबण जवळजवळ रिकामी होती.

थायरॉक्सिन लगेच दिलं नाही. आधी स्टेरॉइड, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, काही दिवसांनी थायरॉक्सिन. उलट केलं तर थायरॉक्सिन अंगातलं उरलंसुरलं कॉर्टिसॉल जाळून टाकतं आणि माणूस पुन्हा शॉकमध्ये जातो. हा क्रम मी मुद्दाम लिहिते आहे, कारण टी-4 कमी दिसला की थायरॉइडची गोळी लिहून देण्याची घाई सगळीकडे असते.

आता सकाळी उठल्या उठल्या हायड्रोकॉर्टिसोन 10 मिलीग्रॅम, दुपारी 5. "स्टेरॉइड आयुष्यभर? अगं, वाईट असतं ते," असं नातेवाइकांपैकी निम्म्यांनी सांगून पाहिलं. दुखण्यावर म्हणून घेतलेलं स्टेरॉइड वेगळं. माझ्या शरीराने रोज जेवढं बनवायला हवं तेवढंच मी गिळते, विहीर आटल्यावर कळशीने आणावं तसं. ताप आला तर दुप्पट. उलटीत गोळी पडली तर इंजेक्शन. पर्समध्ये 100 मिलीग्रॅमची कुपी, सिरिंज आणि लाल अक्षरांचं कार्ड असतं. हे मोसंबीवर सुई टोचायला शिकले, आता लेकही शिकली आहे. 2022 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा भूलतज्ज्ञांनी भूल देतानाच 100 मिलीग्रॅम दिलं आणि मग दिवसभर थेंबाथेंबाने 200. बीपी एकदाही खाली आलं नाही. निरोगी माणसाच्या ॲड्रेनल ग्रंथी सुरी लागल्याबरोबर हे आपणहून करतात. माझ्यासाठी ते आधी ठरवून ठेवावं लागतं.

काश्मीर खोऱ्यातल्या एका अभ्यासात 20 वर्षांवरच्या बायकांमध्ये शीहानचा हा आजार साधारण 3 टक्के आढळला होता, आणि त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश जणींची बाळंतपणं घरी झालेली होती. माझं घरी झालं नव्हतं. चांगल्या गावात, दवाखान्यात, शिकलेल्या माणसांच्या हातून झालं होतं. रक्त थांबवणारं ट्रानेक्झामिक आम्ल पहिल्या तीन तासांत द्यावं हे 2017 च्या मोठ्या चाचणीनंतर पक्कं झालं. 21 देशांतल्या 20 हजारांवर बाळंतिणी तिच्यात होत्या. आता आमच्या तालुक्यातही ते देतात. पण रक्त थांबल्यानंतरच्या महिन्यात दुधाची चौकशी ग्रंथीसाठी म्हणून कोण करतं?

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंची सून बाळंत होऊन आली. बाळंतपणात तीन पिशव्या रक्त लागलं होतं. मी टोपडं-झबलं घेऊन बघायला गेले. खोलीत शेगडीची ऊब, ओवा-शेपाचा वास, आणि तिची आई वाटीत अळीव भिजत घालत होती. पोरगी भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढुरका. बाळ बाटलीने पीत होतं. मी विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "अकरा दिवस झाले, मावशी. काहीच नाही."

दूध उशिरा येण्याची कारणं पुष्कळ असतात, नुसतं रक्त कमी झाल्यानेही लांबतं, हे मी तिला आधी सांगितलं. तिचा दोष नाही, हेही सांगितलं, तिच्या सासूबाईंच्या देखत आणि मोठ्याने. मग वहीचा कागद मागून घेतला आणि लिहिलं: सोडियम, साखर, सकाळी आठचं कॉर्टिसॉल, टीएसएचबरोबर फ्री टी-4, प्रोलॅक्टिन. खाली माझ्या डॉक्टरांचा नंबर. काकूंनी तो कागद दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि चष्म्याच्या डबीत ठेवला. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीने मिरजेला जायचं ठरलं आहे. बाळ काकूंकडे राहील, मी तिच्यासोबत जाते आहे.